आवाज आला, विमान कुठंय?

देशाच्या हवाई संरक्षणात मटणाचं स्थान फार मोठं आहे. पटत नसेल तर बंगळूरच्या महापालिकेला विचारा. दर दोन वर्षांनी एरो इंडिया हे विमान प्रदर्शन जवळ आलं की येलहंकाच्या हवाई दल तळाभोवती मांसविक्रीला बंदी होते. २०२५ साली ही बंदी २३ जानेवारीला लागली आणि १७ फेब्रुवारीपर्यंत टिकली. तळापासून १३ किलोमीटरच्या आत मटणाचं दुकान उघडायचं नाही आणि हॉटेलात सामिष काही वाढायचं नाही. कारण शास्त्रशुद्ध आहे. उघड्यावर टाकलेल्या हाडकांवर घारी येतात, घारी विमानांच्या वाटेत येतात आणि जेमतेम किलोभराची घार शेकडो कोटींच्या विमानाचं इंजिन निकामी करू शकते. आता हाडकं उचलायची की मटण बंद करायचं, एवढाच प्रश्न उरतो. कचरा रोज उचलावा लागतो, बंदीचं पत्रक एकदाच काढावं लागतं. महापालिकेनं शहाणपणानं पत्रक काढलं.

या राष्ट्रकार्यात, त्या वर्षी प्रदर्शन बघायला गेलेल्या आमच्या टोळक्यातर्फे पम्याची आहुती पडली. पम्या कोल्हापूरचा. पहाटे इडली, दुपारी लेमन राईस आणि रात्री परत इडली असा बेत ऐकल्यावर तो म्हणाला, "भावा, विमानं बघायला आलोय का उपासाला?" सदूनं त्याला घार आणि इंजिन यांचा संबंध समजावून सांगितला. सदूनं ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केलेली, त्यामुळे विमान या विषयावर आमच्यात शेवटचा शब्द त्याचा. पम्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लढाई लागल्यावर काय करतात? शत्रूच्या गावातबी आधी मटण बंद करायला सांगतात व्हय?" ओझरच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत सदूला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आम्ही गेलो तो शुक्रवार होता, १४ फेब्रुवारी. प्रदर्शनाचे पहिले दिवस सौदे करणाऱ्यांचे, शेवटचे दोन तुमच्याआमच्यासारख्या माना वर करणाऱ्यांचे. माना वर करणाऱ्यांतही जाती असतात. सर्वांत वरची जात फोटोवाल्यांची. त्यांच्याकडे हातभर लांबीच्या लेन्स, बसायला घडीचं स्टूल आणि इतरांविषयी तुच्छता. आमचा अव्या त्यातला. तो विमान बघत नाही, विमानाच्या शेपटीवरचा नंबर बघतो आणि वहीत टिपतो. सुखोई डोक्यावरून गेलं, छातीच्या फासळ्या थरथरल्या, शेजारच्या पोरानं कानात बोटं घालून भोकाड पसरलं, आणि अव्या म्हणाला, "हे मागच्या वेळचंच आहे रे." तोंड असं की बसमध्ये नकोसा नातेवाईक भेटला असावा.

दुसरी जात मोबाईलवाल्यांची. हे हजार मैलांवरून येतात आणि विमान सहा इंचांच्या पडद्यावर बघतात. तिसरी जात निवेदकाचं ऐकणाऱ्यांची. निवेदक म्हणतो, उजवीकडे पाहा; अर्धे लोक आपल्या उजवीकडे पाहतात, अर्धे निवेदकाच्या, आणि विमान मागून येतं. चौथी जात आमच्यासारखी, जिला काहीच कळत नाही, पण टाळ्या वेळेवर वाजवता येतात.

'सारंग' पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं त्या वर्षी नव्हतीच. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि चौकशी होईपर्यंत सगळी ध्रुव जमिनीवर ठेवली गेली. 'सूर्यकिरण' मात्र होतं. बिदरहून येणारी ही नऊ हॉक विमानं. दोन पंखांमध्ये अंतर पाच मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सोसायटीत दोन गाड्या लावताना जितक्यावरून भांडणं होतात, त्याहून थोडंसंच जास्त. सुटलेल्या धुराचं त्यांनी आकाशात भलंमोठं बदाम काढलं. तारीख आठवून पाहा. टक्कल पडलेले, ढेरी सुटलेले आम्ही चार पुरुष व्हॅलेंटाईन दिनी खांद्याला खांदा लावून आकाशातलं बदाम बघत होतो. पम्यानं बायकोला फोटो पाठवला. उत्तर आलं, "येताना म्हैसूरपाक आण."

त्या सकाळची मोठी बातमी मात्र मोबाईलमध्ये होती. रात्री वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प आणि मोदी एकत्र उभे राहिले आणि भारताला एफ-३५ लढाऊ विमानं देण्याची वाट मोकळी करतोय, असं ट्रम्प यांनी जाहीर केलं. आणि योगायोग बघा, खुद्द एफ-३५ येलहंकाला दोरीपलीकडे उभं. त्याच मैदानावर रशियाचं सुखोई-५७, भारतात पहिल्यांदाच आलेलं. गर्दीत लगेच दोन तट पडले. कुणाला अमेरिकेचं हवं होतं, कुणाला रशियाचं. दोन्ही घ्यावीत, असंही एका आजोबांनी सुचवलं. पैशाचा विषय कुणी काढला नाही. आपल्याकडे गॅसची टाकी पन्नास रुपयांनी वाढली की त्यावर परिसंवाद होतो. लढाऊ विमानाची किंमत विचारणं मात्र देशद्रोहाच्या हद्दीत जातं.

त्या एफ-३५चं पुढं काय झालं? ऑगस्टमध्ये सरकारनं संसदेत लेखी उत्तर दिलं की, याबाबत अमेरिकेशी औपचारिक चर्चाच झालेली नाही.

आता थोडं भौतिकशास्त्र. दुपारी सदूनं ते मैदानावरच शिकवलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान तुमच्यापासून किलोमीटरभर लांब असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान पाऊण किलोमीटर पुढं सटकलेलं असतं. म्हणून नवखा माणूस गडगडाट येईल तिकडं बघतो आणि त्याला रिकामं आभाळ दिसतं. "आवाजाच्या मागं लागू नका," सदू म्हणाला, "आवाजाच्या पुढं बघा." आम्ही पुढं बघायला लागलो आणि खरंच विमानं सापडायला लागली.

हा नियम झाला आकाशातला. सरकारी हवेत तो बरोबर उलटा चालतो. तिथं आधी आवाज येतो आणि विमान मागून येतं. किती मागून, ते भौतिकशास्त्रात बसत नाही.

२००७ साली आपण १२६ लढाऊ विमानांची निविदा काढली. २०११च्या एरो इंडियाला बहुतेक उमेदवार कंपन्या आपापली विमानं नटवून येलहंकाला हजर झाल्या. तो खरा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. एफ-१६ आलं, सुपर हॉर्नेट आलं, ग्रिपेन, युरोफायटर, राफेलही आली. आपण प्रत्येकाला चाल बघू, वळण बघू, उंची बघू म्हणत उडवून पाहिलं. २०१२मध्ये राफेल पसंत पडलं. देण्याघेण्यावरून बोलणी तीन वर्षं चालली आणि २०१५मध्ये मोडली. शेवटी २०१६ साली १२६च्या जागी ३६ घ्यायचं ठरलं आणि पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० रोजी. निविदेपासून तेरा वर्षं. मधल्या काळात, २०१८ साली, ११० विमानांसाठी नवी विचारणाही करून झाली. आपल्याला पोहे मनापासून आवडतात.

परक्यांचं जाऊ दे, घरचं तेजस घ्या. प्रकल्पाला मंजुरी १९८३ची. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. पहिली तुकडी उभी राहिली २०१६मध्ये. फेब्रुवारी २०२१मध्ये, पुन्हा एरो इंडियातच, सुधारित मार्क-१ए जातीच्या ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार मोठ्या समारंभानं हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या हाती दिला गेला. पहिलं विमान मार्च २०२४पर्यंत मिळायचं होतं. मार्च २०२४ आला आणि गेला. २०२५च्या एरो इंडियात हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांचं बोलणं कॅमेऱ्यानं टिपलं. फेब्रुवारीत येईन तेव्हा अकरा विमानं तयार असतील असा शब्द मिळाला होता, एकही तयार नाही, आता माझा विश्वास उरलेला नाही, असा त्याचा आशय. आम्ही मैदानावर शिट्ट्या मारत होतो त्याच आठवड्यातली ही गोष्ट. देशात ज्या एका माणसाला या विमानांची खरोखर गरज आहे, तेवढाच टाळ्या वाजवत नव्हता.

मी हे म्हटल्यावर सदू उखडला. "लेका, इंजिन अमेरिकेतून यायचं होतं. ते वेळेवर आलं नाही तर काय बैल जुंपायचे विमानाला?" त्याचं म्हणणं खोटं नाही. जनरल इलेक्ट्रिकला ९९ इंजिनांची मागणी २०२१ साली दिलेली. त्यातलं पहिलं मिळालं मार्च २०२५मध्ये. पण त्या इंजिनाच्या मागं आणखी एक आवाज आहे. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन मंजूर झालं १९८९मध्ये, आणि २००८मध्ये ते तेजसपासून वेगळं काढावं लागलं. म्हणजे विमान परक्या इंजिनासाठी थांबलं, कारण त्याआधी आपलं इंजिन विमानासाठी वेळेवर तयार झालं नाही. सदू यावर काही बोलला नाही. त्यानं पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "तुम्हाला रिव्हेट मारायला उभं केलं पाहिजे एक दिवस." तेही खोटं नाही.

२०२५च्या सप्टेंबरात तर कळसच झाला. २५ तारखेला आणखी ९७ मार्क-१ए विमानांचा, ६२ हजार कोटींवरचा करार झाला. आधीच्या ८३मधलं एकही अजून हवाई दलाच्या ताब्यात आलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, चंडीगडला मिग-२१ला समारंभपूर्वक निरोप दिला गेला. १९६३ साली दाखल झालेलं विमान बासष्ट वर्षं राबून घरी गेलं. हवाई दलाच्या मंजूर लढाऊ तुकड्या ४२, हाती उरल्या २९. ऑक्टोबरात नाशिकजवळ ओझरला तिथं बनलेलं पहिलं मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांच्या साक्षीनं उडालं. सदूनं व्हिडिओ पाठवला, खाली पाच तिरंगे. आनंद आम्हालाही झाला. महाराष्ट्राच्या मातीतून लढाऊ विमान उडतं ही छाती फुगवण्याजोगीच गोष्ट आहे. फक्त उडणं आणि ताब्यात मिळणं या दोन वेगळ्या तारखा असतात आणि टाळ्या पहिल्या तारखेलाच संपतात.

सगळीकडं चेष्टा चालत नाही. १९ फेब्रुवारी २०१९ला याच येलहंकाला, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच्या सरावात, सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना भिडली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले. आपण 'वाहवा' म्हणतो त्या प्रत्येक गिरकीत कुणीतरी जीव पणाला लावलेला असतो. या माणसांच्या कौशल्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, आमच्याही नाही. आणि म्हणूनच त्यांना वेळेवर विमान मिळालं की नाही, हा प्रश्न विचारायला लाज वाटायचं कारण नाही. लाज वाटायचीच तर इतक्या वर्षांत तो प्रश्न आपण एकदाही विचारला नाही याची वाटावी.

पण आपण प्रेक्षक म्हणून फार गुणी आहोत. करारावर सही झाली की टाळ्या, कापडी आवरण ओढलं की टाळ्या, चाचणी झाली की टाळ्या, मंत्री कॉकपिटमध्ये बसले की उभं राहून टाळ्या. एकाच विमानासाठी आपण चारदा टाळ्या वाजवतो, म्हणून आपल्याला विमानं चौपट वाटतात. हवाई दलाला मात्र ती एकेकच मोजावी लागतात.

तेव्हा पुढच्या एरो इंडियाला जरूर जा. टोपी न्या, पाणी न्या, कानात घालायला कापूस न्या आणि कोल्हापूरचा मित्र असेल तर त्याला तेरा किलोमीटरच्या बाहेर जेवू घाला. टाळ्याही वाजवा, वैमानिकांसाठी तर हात लाल होईपर्यंत वाजवा. फक्त निवडणुकीत दारात आलेला तुमचा खासदार लढाऊ विमानांच्या गोष्टी सांगायला लागला, तर त्याला एकच विचारा: "साहेब, करार किती झाले ते राहू द्या. गेल्या वर्षात हवाई दलाच्या ताब्यात किती आली, तो आकडा सांगा." आकडा सांगितला तर मत द्या. भाषण सुरू केलं तर दार लावून घ्या.