घरबसल्या तणावतज्ज्ञ व्हा

हिंजवडी असो की वाशी, कंपनी जरा मोठी झाली की तिला 'तणावमुक्ती कार्यशाळा' भरवावीशी वाटते. माणसे थकलेली असतात, आणि आणखी माणसे नेमण्यापेक्षा एक वक्ता बोलावणे स्वस्त पडते. तो वक्ता तुम्ही का नसावे? डॉक्टरकीची अट नाही. मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जेचा खर्च २० टक्के, एवढे पाठ केलेत की पहिली पाच मिनिटे निघाली. उरलेल्या वेळाची सोय पुढीलप्रमाणे.

१. आधी मेंदूचे चित्र लावा. रंगीत हवे, मधला एखादा भाग लालभडक. 'फार काम दिले की माणूस दमतो' हे चहावालाही फुकट सांगतो. तुम्ही म्हणा, 'अमिग्डाला पेटतो आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स माघार घेतो.' याचे मानधन मिळते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की फसव्या स्पष्टीकरणाला मेंदूबद्दलचे एखादे गैरलागू वाक्य जोडले, तर सामान्य माणसाला ते जास्त पटते. फसले नाहीत ते फक्त त्या विषयातले जाणकार. तेव्हा श्रोत्यांत तसे कोणी नाही ना, एवढे आधी पाहून घ्या.

२. स्कॅनवर श्रद्धा ठेवा. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि 'या माणसाला काय वाटत असेल?' असे रीतसर विचारले. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! हजारो ठिपके एकदम तपासले की त्यातले काही निव्वळ योगायोगाने उजळतात. त्यासाठीची गणिती दुरुस्ती केली आणि मासा पुन्हा मेला. या कामाला २०१२ चे इग्नोबेल मिळाले. तुम्ही दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. आणि जेवणानंतरच्या सत्रात श्रोते थंड दिसले तर खचून जाऊ नका. प्रतिसाद कुठूनही येऊ शकतो.

३. कॉर्टिसॉल मोजा, पण वेळ साधून. हे संप्रेरक निरोगी माणसातही सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते. म्हणून पहिला नमुना भल्या सकाळी घ्या, दुसरा कार्यशाळा संपल्यावर संध्याकाळी. घसरण दिसेलच. तुम्ही आला नसतात तरी ती दिसली असती, पण न आलेल्या वक्त्याला शाल-श्रीफळ देत नाहीत.

४. साहेबांचे दुःख ओळखा. तुमच्या बिलावर सही त्यांची असते. त्यांच्यासाठी १९५८ चा जोसेफ ब्रॅडीचा प्रयोग तोंडपाठ ठेवा. माकडांच्या चार जोड्या. दोघांनाही विजेचे झटके सारखेच, पण खटका दाबून ते टाळण्याची जबाबदारी एकावरच. या 'एक्झिक्युटिव्ह' माकडांच्या पोटात व्रण झाले, जोडीदार ठणठणीत राहिले. इथे थांबा, साहेबांकडे पाहा आणि डोळे ओलावू द्या. बिचाऱ्यांना केबिन आहे, गाडी आहे, वर ही जबाबदारी!

५. पुढचे पान उलटू नका. पुढच्या पानावर असे आहे की ब्रॅडीने चिठ्ठ्या टाकून साहेब निवडले नव्हते. जी माकडे मुळातच भराभर खटका दाबत होती, त्यांनाच साहेब केले होते. नंतर जे वाइस यांनी उंदरांवर नीट प्रयोग केला, तेव्हा निकाल उलटा लागला. झटका आवरणे ज्याच्या हाती होते त्याला व्रण कमी, हात बांधलेल्याला जास्त. लंडनमध्ये १९६७ पासून साडेसतरा हजारांहून अधिक पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. तीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे मृत्यूचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही सगळा फरक सुटेना. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पाहणीने, आपल्या कामावर आपला ताबा नसणे आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवला. असली माहिती शिपायांच्या कानी पडली तर त्यांना उगाच ताण येईल. दया दाखवा, गप्प राहा.

६. प्रायोजकाला लाजू नका. 'स्ट्रेस' ही कल्पना जगभर नेणारे माँट्रियलचे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरून मोठा शोध लावला: इजा कोणतीही असो, शरीराचा प्रतिसाद साधारण एकच. पुढे त्यांच्या कामाला सिगारेटवाल्यांचा पैसाही मिळाला. दोष धुराचा की ताणाचा, हा घोळ जितका लांबेल तितका त्या धंद्याच्या सोयीचा होता. धडा घ्या. ताण नेहमी माणसाच्या आत सापडला पाहिजे. बाहेर सापडला तर खर्च कंपनीच्या अंगावर येतो.

७. उपाय पाच मिनिटांत मावणारा द्या. दीर्घ श्वास सर्वांत उत्तम. सावकाश श्वास सोडला की हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात, त्यामुळे श्रोते लगेच खूश होतात. मग ते जागेवर जातात, तिथे तेच टार्गेट असते, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा बोलावणे येते.

८. प्रश्नोत्तरे आटोपती घ्या. 'सर, शिफ्ट बारा तासांची असेल तर?' असे मागच्या रांगेतून कोणीतरी विचारणारच. त्याच्याकडे मायेने पाहा आणि म्हणा, 'बघा, तुमचा अमिग्डाला बोलतोय.' टाळ्या पडतात. त्याचे नाव एचआर टिपून घेईल. ती तुमची जबाबदारी नाही.

एवढे जमले की तुम्ही तज्ज्ञ झालात. व्यवसायाला मरण नाही, कारण तुम्ही कारणाला हातच लावत नाही.

आणि हे वाचणारे तुम्ही वक्ते नसून मागच्या रांगेतले असाल, तर श्वासाचा व्यायाम जरूर करा, तो फुकट आहे. मात्र अभिप्रायाच्या फॉर्मवर 'छान' लिहू नका. तिथे लिहा की माझे काम कधी आणि कसे करायचे, यात मलाही थोडे विचारा. उंदरांपासून लंडनच्या कारकुनांपर्यंतचे पुरावे तुमच्या बाजूने आहेत.