तासाला दोन हजार

परदेशवारीच्या शेवटच्या दिवशी हे काका सगळ्यांच्या आधी उठतात. तुम्ही त्यांना ओळखता. तुमच्या सोसायटीतही एक आहेत. बँकेतून निवृत्त, पायात सहलीसाठी घेतलेले पांढरे बूट, पोटाला पासपोर्टचा पट्टा. "चला, चला, आज सगळं वसूल करायचं!"

दोघांचे मिळून चार लाख ऐंशी हजार, दिवस दहा. म्हणजे तासाला दोन हजार. हा भागाकार काकांनी मुंबईहून विमान सुटायच्या आत केला आणि तेव्हापासून लंडनच्या एकाही घड्याळात त्यांना वेळ म्हणून दिसली नाही. काकू सात तास झोपल्या, की "चौदा हजारांची झोप झाली". बाथरूममध्ये कोणी जास्त रमलं, की दारावर टकटक. "सातशे झाले!"

ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. फुकटची गोष्ट वसूल कशी करायची? अमरावतीच्या स्तूपातल्या शिल्पांपुढे तोडगा निघाला. "आपलेच दगड! तिकीट लावलं असतं ना, तर भांडलोच असतो." ही अमरावती आंध्रातली, विदर्भातली नव्हे, हे काकूंना माहीत होतं. पण सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि दोन मिनिटांचे सहासष्ट रुपये होतात.

एका बसचे पैसे कापले, की तासाभरात चढाल त्या पुढच्या बस फुकट, ही लंडनची सवलत काकांना शेवटच्या दिवशी कळली. हळहळ काय वर्णावी! मग सेंट पॉलचा घुमट खिडकीतून झाला. 1666 च्या आगीचं स्मारक, तो 202 फुटी खांब, खालूनच झाला. आत 311 पायऱ्या आहेत. "वरून तरी काय, लंडनच दिसणार."

पबांची यादी भाच्यानं करून दिली होती, पण वार निघाला गुरुवार. काका घेतात; गुरुवारी नाही. दत्ताचा वार. तरीही फ्लीट स्ट्रीटवरचा 'य ओल्ड चेशर चीज' बघायचाच होता. महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी हा पब पुन्हा बांधला गेला, एवढा इतिहास काकूंना दारातच ऐकवून झाला. आत काळोख, काळपट लाकूड, बुटकी दारं. दोघं टेबलाशी बसले आणि वेटरची वाट बघू लागले. चोवीस मिनिटांनी, म्हणजे आठशे रुपयांनी, शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं की इथं काउंटरवर जाऊन मागायचं असतं.

काका गेले आणि दोन ग्लास नळाचं पाणी घेऊन आले. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, हा इंग्लंडचा कायदा ते पुण्याहूनच वाचून आले होते. डिकन्स इथं यायचा. तो निदान काहीतरी मागवत असेल, असं काउंटरमागच्या मुलीच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

पुढच्या दोन पबांतही पाणीच.

संध्याकाळी ते थेम्सपलीकडे सदर्कला, 'जॉर्ज इन'च्या अंगणात पोचले. बाकावर बसून काका घड्याळाकडे बघत राहिले. बरोबर साडेसातला उठले. "आपल्याकडे बारा वाजले. शुक्रवार लागला!" अर्ध्या पिंटाचा ग्लास घेऊन आले तेव्हा फेस कमी करून वर थोडी भरून घेतलेली होती. "फेसाचे पैसे कशाला द्यायचे?" पहिला घोट घेऊन म्हणाले, "कोमट आहे गं." इथली ही बिअर अशीच, फार गार न करता देतात, हे काउंटरवरच्या मुलानं त्यांना दोनदा सांगितलं होतं.

काकूंचं मात्र लक्ष वर होतं. लाकडी कठडे, एकावर एक सज्जे, खाली फरसबंद चौक. "अहो, हा तर आपला वाडा!"

काकांनी वर पाहिलं. घोडागाड्यांच्या काळातली ही सराई, 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. सज्जे पूर्वी तीन बाजूंना होते. दोन बाजू 1889 मध्ये रेल्वे कंपनीनं पाडल्या, एक उरली. लंडनमध्ये अशी सज्जांची सराई आता एवढीच. काकांच्या नारायण पेठेतल्या वाड्याची एकही बाजू उरली नाही. तो बिल्डरला देताना चौरस फुटांचा हिशेब काकांनीच मांडला होता. सगळ्या भाऊबंदांना पटला होता. चोख होता.

ते उठले, जिन्याजवळ गेले, कठड्यावरून हात फिरवला. काकूंना वाटलं, आता लाकडाचा भाव काढणार. पण परत येऊन नुसते बसले. ग्लासात बोटभर उरली होती, ती तशीच.

"निघायचं ना? पहाटेचं विमान आहे," काकू म्हणाल्या.

"बसू अजून दहा मिनिटं."

"तीनशे तेहतीस रुपये होतील."

काका काही बोलले नाहीत. मनगटावरचं घड्याळ त्यांनी बाहीखाली सारलं आणि वरच्या सज्जाकडे बघत राहिले.