रिकाम्या हातांचं तत्त्वज्ञान

परसात कोंबड्या असलेल्या घरात कोंबड्याचा वकील एकच, भिंतीवरचं कॅलेंडर. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही एखादी एकादशी येते, कधी संकष्टी येते, आणि श्रावणात तर महिनाभर कोणी कोंबड्याकडे वाकड्या नजरेने बघत नाही. निम्म्याहून अधिक वर्ष तो देवाधर्माच्या कृपेने जगतो. मग ही सगळी दया गटारीला एकदम वसूल होते. गटारी चुकवली, तर गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवणारी घरं आहेत. त्यातूनही निभावला, तर गावाच्या राखणदाराला द्यायची राखण आहे. आणि हे सगळं टळलं, तरी मे महिन्यात मुंबईहून आम्ही चाकरमानी आहोतच.

मालवणजवळच्या काकीच्या परसात हे गणित मी वर्षानुवर्षं बघत आलोय. कोंबडी खुडूक झाली की काकी तिला अंड्यांवर बसवते. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. काही घार नेते, काही मुंगूस नेतो, आणि वाचतात त्यांत साधारण निम्मे नर. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे दिवसभर एकमेकांची पिसं उपटतात आणि पहाटे चारला कोणी न विचारता वेळ सांगतात. त्यामुळे कोणाचा नंबर लागणार, यावर घरात फारसा वाद होत नाही.

कापायच्या कोंबड्याला नाव ठेवायचं नाही, असा काकीचा दंडक आहे. पण नाव ठेवायला बारसं कुठे लागतं? जो रोज ओट्यावर चढून भाताच्या शितांवर पहिला हक्क सांगतो, त्याला सगळे आपोआप ‘सरपंच’ म्हणायला लागतात. काकी तेवढी ‘तो तांबडो’ म्हणते. पण त्याच्यासाठी मूठभर भात जास्त टाकते, हेही सगळ्यांना दिसतं.

कोंबडा दिवसा पकडायचा नाही. दिवसा तो केळीच्या बुंध्यांमधून, विहिरीच्या काठावरून, थेट शेजाऱ्यांच्या माडावळीत जातो आणि घरातल्या मोठ्या माणसांची अब्रू जाते. अंधारात मात्र त्याला काही दिसत नाही. खुराड्यात हात घालून उचलला तर एकदा कुरकुरतो आणि गप्प बसतो. मग तो रात्रभर डालग्याखाली, वर दगड ठेवून. दाणे द्यायचे नाहीत, पाणी द्यायचं. पोट रिकामं असलं की सकाळचं काम स्वच्छ होतं.

सकाळी मला दरवर्षी एक गोष्ट जाणवते. घरातला प्रत्येक माणूस या कामात असतो आणि प्रत्येकाकडे आपण ‘त्यात’ नसल्याचा पुरावा असतो. काकीने फक्त चूल पेटवलेली असते. चुलतभावाने फक्त पाय धरलेले असतात. वहिनीने फक्त पाणी तापवलेलं असतं. ज्यांच्या हातात सुरी असते ते काकाही म्हणतात, ‘माका काय, तुमी सांगितलात म्हणान.’ सुरीचं काम क्षणात संपतं. काका तेव्हा कोणाशी बोलत नाहीत आणि सुरी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने घासून ठेवतात. बोथट सुरीची त्यांना मनापासून चीड आहे.

अशा वेळी ज्याचे हात रिकामे असतात त्याला विचार सुचतात. मलाही सुचतात. जीव म्हणजे काय, आपला अधिकार काय, वगैरे. मी विहिरीकडे तोंड करून उभा असतो. मग मागून काकीचा आवाज येतो, ‘उभो काय रवलंस? ये, पिसां काढूक बस.’

पिसं काढताना विचार करता येत नाही. पाणी चांगलं कढत हवं, पण उकळी फुटू द्यायची नाही. फुटली तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. थंड असलं तर पिसं हलत नाहीत. कोंबडा पायांना धरून बादलीत बुडवायचा, फिरवायचा, पंखाचं एक मोठं पीस ओढून बघायचं. सहज आलं की बाहेर. आधी शेपूट आणि पंख, कारण ते निवले की हट्टाला पेटतात. मग छाती, मग पाठ. ओल्या पिसांचा वास बोटांना चिकटतो आणि पिसं कोपरापर्यंत. शेवटी उरलेली बारीक लव सुक्या चुडताच्या जाळावर भाजायची आणि वर हळद चोळायची. एवढं होईपर्यंत ‘सरपंच’ जाऊन समोर एक स्वयंपाकाची वस्तू आलेली असते. हा बदल नेमका कधी झाला, ते मला अजून सांगता येत नाही. त्या वेळी मी मानेजवळची पिसं काढत असतो.

पोट उघडणं हे काकीचं खातं. काळजाला लागून हिरवी पित्ताची पिशवी असते. ती फुटली की सगळं कडू, म्हणून तेवढा वेळ कोणी तिच्याशी बोलायचं नाही. मग पेठा. कोंबडीला दात नसतात, ते काम हा जाड स्नायू करतो, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने. काकी तो चिरते, आतलं पिवळं अस्तर सोलते आणि पोरं भोवती जमतात. वाळूचे खडे, भाताची तुसं, एकदा तर चुलतभावाच्या शर्टाचं बटण. काकीने ते धुऊन त्याच शर्टाला लावलं.

मांस लगेच शिजवायचं नाही. कापल्यावर ते आखडतं आणि सैल पडायला काही तास लागतात. म्हणून सकाळचा कोंबडा रात्रीच्या जेवणाला. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो आणि चुलीवर चढता चढता शिजतो. गावठी कोंबडा दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो आणि शिजायलाही तशीच घाई करत नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, आणि वहिनीचे टम्म फुगलेले वडे. आम्ही पानावर बसून वाट बघतो.

रात्री पहिला वडा रश्शात बुडवला की माझ्या सकाळच्या विचारांपैकी एकही टिकत नाही. ज्या काकीने त्याला पिल्लापासून वाढवलं, ती मान आणि पाय स्वतःच्या पानात घेते आणि हाडं अशी स्वच्छ करते की मांजराने निराश व्हावं. कोणी पानात तुकडा टाकला तर एरवी ती बोलत नाही, पण गावठी कोंबड्याच्या दिवशी बोलते. पाच महिने भात तिने घातलाय.

मुंबईत मी रविवारी रांगेत उभा राहतो, ‘एक किलो, करी कट, स्किन काढून’ म्हणतो आणि मोबाईल बघतो. पाच मिनिटांत काळी पिशवी हातात येते. त्या कोंबडीबद्दल मला कधी कसलाही गहन प्रश्न पडलेला नाही आणि तिचा उरलेला रस्सा मी बिनदिक्कत फेकूनही दिलेला आहे. खरं तर तिथे माझे दोन्ही हात रिकामे असतात. पण मागून हाक मारून पिसं काढायला बसवणारं कोणी नसतं.