घरगुती पावत्यांचे संगोपन : वसईतल्या पापडीकरांसाठी काही सूचना

दुकानाची पायरी उतरण्याआधी पावती तपासावी. काउंटरपासून हलू नये. हललात की हक्क गेला. रांगेतले लोक उसासे टाकतील, एखादा ‘चला हो काका’ म्हणेल. काका असलात तरी ऐकू आले नाही असे दाखवावे. आधी एकच वस्तू दोनदा लागली आहे का ते पाहावे, मग पुड्यावरची छापील किंमत कागदावरच्या आकड्याशी ताडावी. छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. (गार बाटलीला ‘कूलिंग’चे पैसे लावणाऱ्यालाही हे ठाऊक असते.) सगळ्यात खाली ‘आज आपली बचत’ असा आकडा येतो. ती रक्कम रोख मागू नये. ती फक्त घरी दाखवायची असते.

वस्तूंची नावे वाचणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मशीन नाव मध्येच तोडते, त्यामुळे पावतीवर ‘शेंगदा’ एवढेच उरते. हे दाणे की दाण्याचे तेल, यावर घरात दोन पक्ष पडू द्यावेत, पण निकाल त्याच रात्री लावावा. कारण वसई किल्ल्यातल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरे काही शतकांनंतरही दिसतात, आणि आपली पावती एक पावसाळा काढत नाही. या कागदावर शाई नसतेच. वर एक लेप असतो, तो उष्णतेने काळा होतो आणि त्यालाच आपण अक्षरे म्हणतो. म्हणून पावती मागच्या खिशात घालून विरार लोकलमध्ये शिरू नये. सॅनिटायझरच्या हाताने धरू नये. प्लास्टिकच्या पाकिटात फार दिवस ठेवल्यासही अक्षरे उडतात. अतिदक्ष गृहस्थ मिक्सरची पावती लॅमिनेट करायला नेतात. गरम रुळांतून ती संपूर्ण काळी होऊन बाहेर येते. पुढे ती खरोखर वर्षानुवर्षे टिकते.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे. माल सदोष निघाला आणि परतीची मुदत बिलावर लिहिलेली नसली, तर 30 दिवसांत तो परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. जीएसटीत नोंद असलेल्या दुकानदाराला 200 रुपयांखालच्या किरकोळ विक्रीवर आपणहून बिल न देण्याची मुभा आहे. मागितले की द्यावेच लागते. तेव्हा मागावे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षे मिळतात. कागद तोवर कोरा होतो, म्हणून घरी येताच झेरॉक्स काढावी किंवा फोटो काढावा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नये. तिथे तो सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडला जातो, आणि त्याआधी वन्सं किंमत वाचतात.

आता पापडीची खास अडचण. हिशेबाच्या बाबतीत हे गाव कच्चे नाही. 1918 मध्ये सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक बँक इथलीच. पण अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी आठवडी बाजारात होते आणि तिथे पावती नावाची वस्तू नाही. सोडे, जवळा, सुके बोंबील सगळे तोंडी. नियमाप्रमाणे वागायचेच म्हणून कुणी विचारले,

‘‘मावशी, बिल?’’

‘‘बिल काय करतोस? वास घे.’’

हा पुरावा घरात चार महिने टिकतो आणि त्याला झेरॉक्स लागत नाही. वाट्यावर घेतलेल्या मासळीचे तर वजनच नसते. तिथे काय तपासायचे, तर शेजारणीचा वाटा. तो नेहमीच मोठा असतो. भाव मात्र सासूबाईंच्या डोक्यात नोंदवून ठेवावा. तिथली अक्षरे कशानेच उडत नाहीत, उलट दर अगोटीला जास्त ठळक होतात.

उरलेल्या कागदांसाठी जुन्या घरात वाकवलेली लोखंडी तार असायची. बिल आले की भोसकायचे, की ते तळाशी सरकायचे. पद्धत निर्दोष होती. फक्त भोक नेमके रकमेवर पडायचे, आणि खालचे बिल हवे असेल तर वरची सगळी उतरवावी लागत. हल्ली बिस्किटाचा डबा वापरतात. त्यात वॉरंटी कार्डे, दागिन्यांची बिले (ही मात्र थट्टा बाजूला ठेवून कुलपातच ठेवावीत) आणि भंगारात गेलेल्या फ्रीजची संपूर्ण कागदपत्रे असतात. फ्रीज नेणाऱ्याने ती मागितली नाहीत, म्हणून आपणही टाकली नाहीत.

डबा वर्षातून एकदा, दिवाळीला किंवा नाताळला, साफ करावा. सगळी बिले जमिनीवर पसरावीत. पंखा आधी बंद करावा. पुढून कोरी पडलेली बिले फेकायला वेगळी काढावीत आणि फेकण्यापूर्वी उलटून पाहावीत. एकाच्या मागे चकलीच्या भाजणीचे प्रमाण असेल, दुसऱ्यावर गॅस बुक केल्याची तारीख, तिसऱ्यावर प्लंबरचा नंबर, त्यातही आकडे नऊच. ही तिन्ही बिले परत डब्यात ठेवावीत. प्लंबर चांगला आहे.