आहे त्या अंगाचं

मराठी मध्यमवर्गात जन्मलेल्या माणसाची आणि मापात बसणाऱ्या कपड्याची भेट फार उशिरा होते. त्याचं सगळं बालपण ‘वाढत्या अंगाचं’ या एकाच मापात जातं. शाळेचा गणवेश शिवायला टाकताना शिंप्यानं फीत काढायच्या आत आई सांगून टाकायची, “वाढत्या अंगाचं घ्या हो.” शिंपीही समजूतदार. तो माप माझं घ्यायचा, पण बघायचा आईकडे. पहिल्या वर्षी त्या सदऱ्यात मला शोधावं लागायचं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सदरा आणि मी एका मापाचे व्हायचो, आणि नेमका तेव्हाच तो कोपरावर विरायचा.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसानं पन्नाशीत लेदरचं जॅकेट शिवायला टाकायचं म्हणजे वैचारिक क्रांतीच. पण त्याला कारणं होती. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये शाहरुख खाननं काळं लेदर जॅकेट घातलं, ते आमच्या पिढीच्या डोक्यातून अजून उतरलेलं नाही. मधल्या काळात गृहकर्ज, मुलीचे क्लास आणि सोसायटीचा दुरुस्ती निधी हे सगळं फेडून झालं. मग बुलेट घेतली. बुलेटवर बसल्यावर अंगात विंडचीटर असेल, तर माणूस कुरिअर पोचवायला निघाल्यासारखा दिसतो, असं माझं मत पडलं.

“मुंबईत घालणार कधी?” बायकोनं विचारलं.

“जानेवारीत. पहाटे. जुन्या हायवेनं लोणावळ्याला जाताना.”

“आणि परत येताना? पनवेलला?”

विवाहित माणसानं जॅकेटबद्दलच्या भूगोलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

तयार जॅकेट घ्यायचा विचार आधी केला होता. पण तयार कपड्यांच्या कंपन्या असं धरून चालतात, की माणूस सगळीकडून एकाच प्रमाणात मोठा होतो. मराठी पुरुष तसा होत नाही. त्याचे खांदे मीडियम असतात, हात स्मॉल आणि पोट डबल एक्सएल. खांद्याला बसतं ते जॅकेट घ्यावं, तर चेन छातीखाली येऊन पुढे जायला नकार देते. पोटाला बसतं ते घ्यावं, तर खांद्याची शिवण दंडावर लोंबते. दुकानातला पोरगा मात्र प्रत्येक जॅकेटला “एकदम मस्त बसलंय सर” म्हणतो. त्याला पगार त्याचाच मिळतो.

मूळ दोष माझ्या शरीराचा नाही, जॅकेटच्या कुळाचा आहे. पुढून तिरकी चेन असलेलं ते मोटारसायकलवाल्यांचं जॅकेट न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटनं १९२८ साली काढलं. साडेपाच डॉलरला विकलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं ‘परफेक्टो’ हे नाव त्याला दिलं. चेन तिरकी का? तर माणूस हँडलवर ओणवा झाल्यावर ती पोटात टोचू नये आणि एकावर एक आलेल्या पुढच्या भागांतून वारा आत शिरू नये म्हणून. म्हणजे हा कपडा मुळात वाकलेल्या माणसासाठी कापला आहे. १९५३ साली ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोनं ते घातलं आणि तेव्हापासून जगभरचे पुरुष ते आरशासमोर ताठ उभे राहून घालून बघतात. ब्रँडोचा दाखलाही जपूनच द्यावा. उतारवयात त्याची जी प्रकृती झाली, तिला ते जॅकेट फक्त खांद्यावर टाकता आलं असतं.

हल्ली घरबसल्या माप पाठवूनही जॅकेट शिवून मिळतं. त्यासाठी मापांचा एक तक्ता भरावा लागतो. छाती, पोट, कंबर, खांदा, पाठीची रुंदी, मुंढा, दंड, मनगट, मानेपासून कमरेपर्यंतची लांबी. हे माप स्वतःचं स्वतः घेता येत नाही, हात वर केला की सगळं बदलतं. म्हणून घरातलं माणूस लागतं, आणि घरातलं माणूस हा या पद्धतीतला सर्वांत कच्चा दुवा असतो. आमच्याकडे बायकोनं फीत धरली आणि मुलगी लिहायला बसली. छातीचं माप खाजगीत घेतलं गेलं. पोटाचं माप मात्र बायकोनं स्वयंपाकघरात भाजी चिरत असलेल्या आपल्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मुलीनं “इंच की सेंटिमीटर?” असं निरागसपणे विचारलं. आतून सासूबाई म्हणाल्या, “असू दे हो, खात्यापित्या घरचे आहेत.” तो तक्ता अजून ड्रॉवरमध्ये आहे. कुलूप लावलेल्या.

शेवटी धारावी गाठली. सायन-वांद्रे लिंक रोडला काळ्या किल्ल्याच्या बाजूला लेदरची दुकानं ओळीनं आहेत. धारावीत एकेकाळी कातडी कमावलीही जायची. आता कमावलेलं चामडं बहुतेक चेन्नई, कोलकाता, कानपूर अशा ठिकाणांहून येतं आणि इथे कापलं-शिवलं जातं. दुकानामागच्या माळ्यावर एक कटिंग मास्टर बसले होते. त्यांनी फीत गळ्यातून काढलीही नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर रिपोर्ट वाचायच्या आधी पाहतात तसं नाही, कारण डॉक्टर इतका वेळ देत नाहीत.

“साहेब, पडायला पाहिजे का दिसायला?”

“म्हणजे?”

“गाडीवरून पडला तर अंग वाचलं पाहिजे, तर म्हशीचं जाड घ्या. एक मिलिमीटरच्या वर. दिसायला पाहिजे तर मेंढीचं नप्पा. मऊ, पातळ.”

“दोन्ही नको,” बायको म्हणाली. पण तिचं मत हिशोबात धरलं गेलं नाही. माझ्या वेगाचा एकंदर अंदाज घेऊन मास्टरांनी मेंढीचं काढलं.

मग लेदरचा व्यवहार कळला. कापड मीटरवर मिळतं, चामडं चौरस फुटावर. मेंढीचं एक कातडं साधारण ५ ते ७ चौरस फूट भरतं आणि जॅकेटला ३५ ते ४० चौरस फूट लागतं. कापडाचे थर एकावर एक ठेवून कात्री चालवता येते, इथे प्रत्येक तुकडा वेगळा कापायचा. कण्याजवळचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणतं. म्हणून पाठ आणि पुढचे दोन भाग कण्याकडच्या चांगल्या चामड्यातून काढायचे, पोटाकडचं लपेल तिथे वापरायचं. “पोटाचं चामडं सैल पडतं साहेब, सगळ्या जनावरांचं,” मास्टर म्हणाले. ते मेंढीबद्दलच बोलत होते, असं मी समजून चाललो आहे. हिशोबाअंती असंही निघालं, की माझ्या घेरापायी एक मेंढी जादा लागणार. वजन कमी करण्याचे आजवर पुष्कळ उपदेश ऐकले, पण भूतदयेच्या अंगानं कोणी कधी समजावलं नव्हतं.

माप घ्यायची वेळ आली. फीत पोटाभोवती आली की पुरुष श्वास आत ओढून धरतो. हे तो ठरवून करत नाही, गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय जसा वर उडतो, तितकंच ते आपोआप होतं. मास्टर हे कोळून प्यायले होते. त्यांनी फीत पोटाभोवती सैल धरून ठेवली आणि विचारलं, “साहेब, गाडी ॲव्हरेज किती देते?” बुलेटवाल्याला ॲव्हरेज विचारल्यावर तो सुस्कारा सोडतोच. तेवढ्यात त्यांनी माप टिपलं.

मग म्हणाले, स्टुलावर बसा. बसल्यावर पोट नव्यानं मांडलं जातं, ते माप वेगळं. मग म्हणाले, हात पुढे करा, हँडल धरलंय असं समजा. मी बारा फुटी माळ्यावर हवेतलं हँडल धरून बसलो. शिकाऊ पोरगा गंभीरपणे बघत होता. हात पुढे गेले की पाठ रुंदावते आणि बाही मनगटावरून मागे सरकते. शिवाय घालून घालून कोपराला घड्या पडल्या की बाही आणखी आखूड होते. म्हणून नव्या जॅकेटची बाही उभ्या माणसाला थोडी लांबच वाटली पाहिजे. ती आरशात बघून आखूड करून घेणारे पुढे सगळा हिवाळा मनगटं दाखवत फिरतात.

“उजवा खांदा खाली आहे साहेब. अर्धा इंच.”

पंचवीस वर्षं एकाच खांद्यावर ऑफिसची बॅग आणि विरार लोकल वागवल्याची ही पेन्शन. मास्टरांनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहून घेतल्या. माझ्या शरीराकडे इतक्या बारकाईनं आणि इतक्या कमी उपदेशासह कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

खरा वाद झाला तो मुंढ्यावरून. मुंढा म्हणजे बाही अंगाला जोडतात ते भोक. मी म्हटलं, जरा मोठा ठेवा, हात मोकळा राहू दे. मास्टरांनी मान हलवली. मुंढा खोल गेला की हात मोकळा राहत नाही, उलट बाही आणि अंग एकमेकांना बांधली जातात. हात वर केला की सगळं जॅकेटच वर जातं, शटर उघडल्यासारखं, आणि दुकानातला सगळा माल दिसतो. मुंढा काखेजवळ, वर आणि बेताचा असेल तर हात एकटा हलतो, जॅकेट जागेवर राहतं. हे ऐकून मला आमच्या मेव्हण्याचं रेडिमेड जॅकेट आठवलं. तो रिक्षाला हात करतो तेव्हा रिक्षावाले बेंबी बघून पुढे जातात.

“बरं, छातीत-पोटात तरी जरा ढिलं ठेवा,” मी म्हणालो. आईचा आवाज माझ्या तोंडून निघाला होता.

“छातीच्या मापावर तीन-चार इंच ढिलाई धरलीय. आत शर्ट आणि अस्तर मावेल. त्याच्यावर नाही.”

“नाही, पुढेमागे वाढलो तर?”

“मग नवीन शिवायचं.”

“आणि बारीक झालो तर? म्हणजे विचार आहे तसा.”

मास्टर पहिल्यांदा हसले. “सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात साहेब. बारीक होऊन परत आलेलं एक पण नाही पाहिलं.”

मग त्यांनी कारण सांगितलं. कापडाची शिवण उसवली की भोकं मिटतात. चामड्यात सुई गेली की भोक कायमचं. म्हणून कच्चे टाके घालून बघायची सोय नाही, टाचण्या लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे. आत माया ठेवून पुढे सोडवून घ्यायची म्हटलं, तर जुन्या शिवणीच्या भोकांची रांग छातीवर उघडी पडणार. कडा रापीनं तासून, सोल्युशन लावून, दुमडून, हातोडीनं ठोकून बसवलेल्या असतात. एवढं करून झाल्यावर जॅकेट मापाबद्दल पुन्हा चर्चा करत नाही. थोडंफार आत घेता येतं, सोडता जवळजवळ येत नाहीच. आमच्या घरात आजवर आलेल्या प्रत्येक कपड्यानं माझ्याशी जुळवून घेतलं होतं. हा पहिलाच कपडा होता, जो आधी विचारत होता की तू नक्की आहेस कसा.

यावर उपाय एकच, मांजरपाटाची ट्रायल. म्हणजे आधी स्वस्तातल्या मांजरपाटाचं अख्खं जॅकेट शिवायचं, ते अंगावर चढवून त्यावरच खडूनं खुणा करायच्या, आणि ते नीट मापात बसलं की उसवून त्याच्यावरून चामडं कापायचं. सगळीकडे ही सोय मिळत नाही, मागावी लागते, थोडे जादा पैसेही पडतात. मी ती घेतली. पांढऱ्या मांजरपाटाच्या बाइकर जॅकेटमध्ये, अंगभर निळ्या खडूच्या रेघा घेऊन, पुन्हा स्टुलावर हवेतलं हँडल धरून बसलो. बायकोनं फोटो काढला. तो फॅमिली ग्रुपवर गेला. “नवीन धंदा?” असं मेव्हण्यानं लिहिलं. पण त्या ट्रायलमध्ये दिसलं, की पोटामुळे पुढचा भाग वर उचलला जातोय. मास्टरांनी पुढून लांबी पाऊण इंच वाढवली, आणि बसल्यावर चेन पोटात रुतत होती म्हणून खालचा पट्टा जरा सैल केला. हे चामड्यावर कळलं असतं तर एक मेंढी फुकट गेली असती.

जॅकेट आलं. घालताना पहिले दोन महिने ते जरा घट्टच वाटलं, आणि वाटायलाच हवं. चामडं पाठीवर, कोपरावर हळूहळू अंगाप्रमाणे सैलावतं. चेन मात्र धातूची असते, ती सैलावत नाही. त्यामुळे पाठीला आवळतंय म्हणून घाबरायचं नाही, पण पोटावर चेन ओढून लावावी लागत असेल तर घ्यायचं नाही, ती पुढेही तशीच ओढावी लागणार. जूनमध्ये ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं तर त्याला बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, रुंद हँगरवर, हवा लागेल असं टांगायचं. कपाटात त्यासाठी जागा हवी म्हणून माझे जुने, वाढत्या अंगाच्या हिशोबानं घेतलेले सगळे शर्ट बायकोनं बोहारणीला दिले. एक पातेलं आलं.

तुमच्यापैकी कोणी जॅकेट शिवायला निघालं असेल, तर एवढं करा. माप द्यायला उपाशीपोटी जाऊ नका, व्यवस्थित जेवून जा. आत जो शर्ट घालणार असाल तोच घालून जा. उभं, बसून आणि हात पुढे करून, अशी तीनदा मापं घ्यायला सांगा. मुंढ्याबाबत मास्टरांशी वाद घालू नका, आणि मांजरपाटाची ट्रायल झाल्याशिवाय चामड्याला कात्री लावू देऊ नका. पुढच्या महिन्यापासून जिम लावणार आहात हे त्यांना सांगू नका, त्यांनी ते ऐकलेलं आहे. आणि फीत पोटाशी आली की श्वास सोडा.