उजवा कौल

आमच्या घराचं छप्पर उतरवायचं की तसंच ठेवायचं, हा विषय गेल्या अकरा चतुर्थ्या चालू आहे. आमच्याकडे वर्षं मोजत नाहीत, चतुर्थ्या मोजतात. निर्णयाला लागणारी सगळी माणसं एका छपराखाली तेव्हाच सापडतात. त्यातला पहिला दिवस माटवी बांधण्यात जातो, पुढचे दिवस भजनात आणि पाहुण्यांत. उरतो तो रात्रीच्या आरतीनंतरचा अर्धा तास. त्यात निम्मे लोक काळ्या वाटाण्याच्या उसळीवर असतात आणि निम्मे पत्त्यांवर. अशा वेळी कोणीतरी वर बघतो आणि म्हणतो, "ह्या वाशाचा काय करूचा?"

संपला पत्त्यांचा डाव.

घर मालवण तालुक्यातलं, समुद्राची गाज ऐकू येईल इतकं जवळचं. पुढे खळं, मग लोटा, ओटी, माजघर, काळोखी वळई, देवघर आणि मागची पडवी. भिंती हातभर जाडीच्या, मातीच्या. जोतं तेवढं चिऱ्याचं. खांब फणसाचे. वर मंगलोरी कौलं, आणि या कौलांवर घराण्याचा सगळा इतिहास उभा आहे. कौल उलटं केलं की पोटावर इंग्रजी अक्षरांत बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि खाली 1865 असा आकडा उठलेला दिसतो. म्हणून घर 1865 चं, असं आमच्या घराण्यात तीन पिढ्या सांगितलं जातं. मी एकदा, वय लहान आणि वाचन ताजं असताना, सांगायला गेलो की 1865 हे त्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला कारखाना काढल्याचं साल; पुढे कितीतरी वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा उठवलेला असायचा. काडेपेटीवर कंपनीचं साल असलं म्हणून काडी काही तेवढी जुनी नसते. त्या चतुर्थीला मला उसळ कमी वाढली गेली.

मंगलोरी कौलं यायच्या आधी इथे कुंभाराचे नळे असायचे किंवा गवताचं शाकारलेलं छप्पर. तेव्हा गलबतांतून किनाऱ्या-किनाऱ्यानं आलेली ही लालभडक, एकसारखी कौलं ज्याच्या घरावर चढली, त्याचं घर 'बाटलं' असं कोणी म्हातारा म्हणाला असणारच. आज त्याच परदेशी कौलांना आम्ही 'आपली परंपरा' म्हणतो. अजून साठ वर्षांनी निळ्या पत्र्यासाठीही कोणीतरी डोळ्यांत पाणी आणील, याबद्दल मला शंका नाही.

मुंबईत 1995 पासून हेरिटेजची नियमावली आहे, समिती आहे, इमारतींना श्रेण्या आहेत. आमच्या घराला कोणी श्रेणी दिलेली नाही, पण समिती मुंबईपेक्षा मोठी आहे. सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यांतली नऊ माणसं वारलेली, पण वारस नोंद न झाल्यामुळे कागदोपत्री ठणठणीत. ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला घर अजून आजोबांच्या नावावर, पुढे 'व इतर'. त्या 'व इतर'मध्ये मी आहे. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी घरपट्टी तेच भरतात.

समितीत दोन पक्ष. पहिला वारसा पक्ष. त्याचे पुढारी लालबागचे काका. घर आहे तसंच राहिलं पाहिजे, शेणानं सारवलेली जमीन तशीच, न्हाणीघर बाहेरच, चूल चुलीच्याच जागी. "ह्यां घर माझ्या आज्यान बांधल्यान. एक वासो हलवूचो नाय कोणी!" काका वर्षातले सहा दिवस घरात असतात. गंमत म्हणजे लालबागला त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी सगळ्यात आधी सही करणारे तेच. सोसायटी पाडायला 2019 पासून एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, हे त्यांनीच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. आमचा वासा बदलायला मात्र त्यांना शंभर टक्के हवेत, शिवाय ती नऊ माणसं.

दुसरा स्लॅब पक्ष. त्यात एकच सभासद, वहिनी. ती वर्षाचे बाराही महिने तिथे राहते.

मी कोल्हापुरात असतो, म्हणजे दोन्ही पक्षांना संशयास्पद.

वहिनीचं म्हणणं समजून घ्यायचं तर आषाढात जायला हवं. एकदा गेलो होतो. रात्री पावसानं जोर धरला तशी ती दिवा न लावता उठली आणि भांडी मांडायला लागली. माजघरात तांब्याचा टोप, वळईत दोन डबे, देवघराच्या उंबऱ्याशी पितळेची परात, पडवीत फुटक्या कानाची बादली. अकरा भांडी, अकरा जागा, अंधारात एकही चुकली नाही. मग परत येऊन पडली आणि ऐकत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "परात भरली." मी उठून बघितलं, काठोकाठ. प्रत्येक भांड्याचा थेंब तिला आवाजावरून ओळखू येत होता. ते सगळं मला फार सुंदर वाटलं आणि तसं मी म्हणालोही. ती काही बोलली नाही. सकाळी परात रिकामी करायला तिनं मला दिली.

गळतीला कारण पाऊस नव्हे, माकडं. पूर्वी कौलं परतायला, शाकारणीला पावसाळ्याआधी चार गडी मिळायचे; आता गडी मिळत नाहीत आणि माकडं मात्र मुबलक. फणस पिकला की ती आंब्यावरून छपरावर आणि छपरावरून फणसावर अशी ये-जा करतात, आणि दर फेरीला दोन-चार कौलं निकालात निघतात. गावात घराघरावर पत्रे आले ते काही हौसेनं नव्हे. घर पाडण्याच्या प्रस्तावाला बिनशर्त मंजुरी देऊन लगेच कामाला लागलेली समिती म्हणाल तर तेवढी एकच.

सरकारचंही म्हणणं असतंच. पुन्हा बांधायचं तर 1958 च्या अधिनियमाच्या 52 व्या कलमाप्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी. समुद्र जवळ, म्हणून सीआरझेड. ते पहिल्यांदा 1991 साली आलं, मग 2011 ला, मग 2019 ला, आणि दर वेळी भरतीची रेषा नेमकी कुठून जाते यावर गावात नव्यानं पैजा लागल्या. त्याचं सार वहिनीला सुताराकडून कळलं ते असं: आहे ते घर दुरुस्त करा, जोतं वाढवू नका. हे ऐकून आते खूश झाली. जोत्याबाहेर पाय टाकायचा नाही हे ती आधीपासूनच सांगत होती, पण तिचं कारण वेगळं. घराच्या दक्षिणेकडून देवचाराची वाट जाते. "थय खिडकी नको, पडवी वाढवची नाय. रात्रीचो तो जातलो खयसून?" म्हणजे बांधकामापासून मोकळं अंतर सोडण्याचा नियम आमच्याकडे 1991 च्या कितीतरी आधीपासून लागू आहे, आणि त्याला आजवर कोणी कोर्टात आव्हान दिलेलं नाही. वास्तविक देवचाराच्या वाटेवरून जायची परवानगी विजेच्या खांबाला कोणी दिली हे मला विचारायचं होतं. पण उसळीची आठवण झाली.

सुताराला दोनदा बोलावून झालं. तो लोट्यावर बसून चहा घेतो, खांबाला टिचकी मारतो, कान लावतो. एका वाशाला वाळवी, आढ्याला काही नाही, फणसाचे खांब अजून शंभर वर्षं. "घराक काय एक झाला नाय," तो उठताना म्हणाला. "तुमचा काय ता आधी ठरवा."

मग 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. त्यानं कोणाची संमती घेतली नाही. रात्रभर माड जमिनीला टेकत होते, आणि सकाळी आमच्या ओटीवरून आभाळ दिसत होतं. वहिनी माजघरात देवाच्या पेटीजवळ बसून होती. मोबाइलला रेंज नव्हती. ती आली तेव्हा पहिला फोन लालबागचा. "जुनी कौलां टाकू नकात हां," काका म्हणाले, "तेंच्यार 1865 आसा!"

निळी ताडपत्री घातली. तात्पुरती. पुढच्या तीन चतुर्थ्यांचे सगळे फोटो निळे आले आहेत.

शेवटी आतेनं सुचवलं की देवीलाच विचारू. आमच्याकडे हे वावगं नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कालनिर्णयात नसते, कौल घेऊनच ठरते. आचऱ्याला तर रामेश्वराच्या कौलानं दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव गुराकोंबड्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत काढतो. गावपळण म्हणतात तिला. मला नेहमी वाटतं, त्या तीन रात्री मागे राहिलेली घरं खळ्याखळ्यांतून एकमेकांशी बोलत असतील: आपली माणसं आता जुनी झाली, ठेवायची की बदलायची?

तर आम्ही सगळे देवळात. गुरवानं देवीच्या अंगावर ओले कळे लावले. गावकऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवी माउली, ही तुझी लेकरां घराचा काम हाती घेतत..." "व्हय म्हाराजा!" "जा काय वाकडा आसात ता सरळ कर..." "व्हय म्हाराजा!" ओरडण्यात काका आणि वहिनी यांचा एक सूर लागलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. थोडा वेळ काही हललं नाही. मग उजवा कळा टपकन पडला.

सगळ्यांचे हात जोडलेले असतानाच काका पुटपुटले, "बघ, कौलां ठेवूक सांगल्यान." वहिनी म्हणाली, "घराचा काम करा म्हणता ती. स्लॅबाचा." देवीचा कौल पुल्लिंगी आणि छपराचं कौल नपुंसकलिंगी, एवढाच काय तो फरक, पण त्यावर घरापर्यंत भांडण पुरलं. मागे फिरून गुरवाला विचारलं. तो घंटा पुसत म्हणाला, "देवीन कौल दिलो. तुमी इचारलास काय, ता तुमचा तुमका म्हायत."

संमतीपत्रं करायचं ठरलं. सध्या ती एकतीसपैकी सात झाली आहेत. दरम्यान 2024 च्या ऑक्टोबरपासून शंभराचा स्टँप पाचशेचा झाला, त्यामुळे उरलेल्यांना आणखी विचार करावासा वाटतो.

2023 च्या दिवाळीनंतर मात्र एक झालं. ताडपत्री फाटली तेव्हा वहिनीनं सुताराला बोलावलं, वाळवीचा तो एक वासा बदलून घेतला, फुटलेल्या कौलांच्या जागी गावात पाडलेल्या एका घराची जुनी कौलं आणून चढवली, आणि चुलीच्या उजव्या अंगाला, जिथे दुपारीही भाजीतला खडा दिसायचा नाही, तिथे एक काचेचं कौल बसवलं. कोणाला विचारलं नाही. कोणाला कळलंही नाही. धुरानं नवा वासा सहा महिन्यांत बाकीच्यांसारखा काळा झाला.

गेल्या चतुर्थीला काका नातवाला घर दाखवत हिंडत होते. चुलीपाशी जमिनीवर उन्हाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा पडला होता. काकांनी वर बोट केलं.

"बघ रे. त्या काळात सुद्धा बायल माणसाक चुलीर दिसूक होया म्हणान माझ्या आज्यान काचेचा कौल लायल्यान! आताच्या इंजिनेराक सुचतला?"

नातवानं फोटो काढला. वहिनीनं तव्यावरची आंबोळी काढून काकांच्या पानात टाकली आणि विचारलं, "आणखी एक वाढू, काका?"