तटस्थ भिंत

आईला हॉल पिस्ता हवा होता, कारण तो पंचवीस वर्षं पिस्ताच होता. बायकोला पांढरा. चिरंजीवांना काळा, तोही चारही भिंतींना. अशा वेळी कुणाचीच बाजू घ्यायची नसते, एवढं संसारानं मला शिकवलंय. म्हणून मी करडा सुचवला. दुकानदारानं त्याला ‘न्यूट्रल’ म्हटलं आणि मला भरूनच आलं. आपल्या जातकुळीचं कुणीतरी भेटलं!

करडा म्हणजे पांढऱ्यात काळा, अशी माझी भाबडी समजूत. शेडकार्डात करड्याचीच चार पानं निघाली. मी पसंत केलेल्या छटेखाली 55 हा आकडा होता. भिंत किती उजेड परत देते याचं ते माप. काळाकुट्ट रंग शून्याजवळ, पांढराशुभ्र शंभराजवळ. म्हणजे आमच्या बी.कॉम.च्या हिशेबानं हायर सेकंड क्लास. मला एवढा नव्हता मिळाला. मग मशीननं पांढऱ्या बेसच्या डब्यात काळा सोडला, वर थोडा पिवळा आणि थेंबभर लाल.

“अहो, हे कशाला?”

“नुसता काळा घातला तर निळसर मारतो, साहेब.”

तटस्थ दिसायलाही आतून लाल-पिवळं व्हावं लागतं, हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं.

रंगाऱ्यानं लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर झाला, रंगाचे दोन हात झाले. हॉलभर उडालेली धूळ आम्ही अजून डाळीच्या डब्यांतून काढतोय, तो विषय नको. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका डोकावले. “वा, गिलावा छान झालाय. रंग कधी देताय?”

आई म्हणाली, “राखेनं भांडी घासतात रे. भिंती नाही.”

मी गप्प राहिलो. पण भिंत काही गप्प राहीना. सकाळी उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती निळसर, तापाच्या पेशंटसारखी. दुपारी बाहेरच्या आंब्यावर ऊन पडलं की त्या पानांची हिरवी झाक थेट भिंतीवर. आई टाळी वाजवून म्हणाली, “बघ, शेवटी पिस्ताच झाला की नाही!” संध्याकाळी बायकोनं साडेसहा हजार केल्विनची नवी ट्यूब लावली. “अहो, आता कसा जवळजवळ पांढरा वाटतोय,” म्हणाली आणि पडदेसुद्धा पांढरे घेऊन आली. रात्री दिवे बंद झाल्यावर चिरंजीव सोफ्यावर पसरले. “बाबा, अंधारात काळाच दिसतो. मस्त!”

म्हणजे ज्याला जे हवं ते मिळालं. मी पसंत केलेला करडा तेवढा मला अजून एकदाही दिसलेला नाही. दुकानातल्या दिव्याखाली दिसला होता, तोच शेवटचा.

परवा कपाट सरकवलं, तर मागे जुना पिस्ता जसाच्या तसा. रंगाऱ्यानं कपाट हलवलंच नव्हतं. आईला हे माहीत होतं, असा माझा संशय आहे.

चार लिटर रंग उरलाय. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. डबा फुकट, रिक्षा तुमची. फक्त न्यायच्या आधी कुठल्या दिव्याखाली लावणार ते ठरवून या.